संघाआधी संघटना

मार्च १९२८ मध्ये भारताचा पहिला ऑलिम्पिक हॉकी संघ मुंबई बंदरातून ॲमस्टरडॅमला निघाला, तेव्हा निरोप द्यायला जेमतेम तिघे हजर होते. त्यांतले दोघे भारतीय हॉकी महासंघाचे अध्यक्ष आणि उपाध्यक्ष, तिसरे एक पत्रकार. त्या संघातल्या ध्यानचंद यांचं नाव पुढे घरोघरी पोहोचलं. त्या दोन पदाधिकाऱ्यांची नावं आज कुणाला आठवत नाहीत. पण १९२५ साली ग्वाल्हेरला महासंघ स्थापन झाला नसता, तर निवड चाचणी, निधी, प्रवास हे सगळं कुणी जुळवलं असतं? आधी संघटना उभी राहिली, सुवर्णपदक त्यानंतर तीन वर्षांनी आलं. हा क्रम आपण सोयीने विसरतो.

मी आधी पंच आणि नंतर तांत्रिक अधिकारी म्हणून हॉकीत वावरलो. आमचं काम टेबलावरचं, पण त्या टेबलावरून खेळाची सगळी रचना दिसते. सामन्याआधी आम्ही प्रत्येक स्टिक ५१ मिलिमीटर व्यासाच्या कड्यातून सरकवून बघतो. कड्यात अडली, की ती बाद. वजन ७३७ ग्रॅमच्या आत हवं, बाक २५ मिलिमीटरपेक्षा जास्त नको. ही मापं ठरवतो स्वित्झर्लंडमधल्या लोझानचा आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघ आणि पिंपरीच्या नेहरूनगर मैदानावरही तीच लागतात. स्टिकनंतर आम्ही खेळाडूंची ओळखपत्रं तपासतो. लोझानहून नियम खाली येतात, तसा गावातला खेळाडू याच साखळीने वर जातो: शाळा किंवा क्लब, जिल्हा संघटना, राज्य संघटना आणि त्यावर राष्ट्रीय पातळीवर हॉकी इंडिया. राज्यांच्या जोडीला रेल्वे, सेनादल, पेट्रोलियम क्रीडा मंडळ अशा संस्थाही सदस्य आहेत. खेळाडूच्या पोटापाण्याचा प्रश्न बहुतेक वेळा त्याच सोडवतात.

ही साखळी तुटली की काय होतं, ते मी जवळून पाहिलं आहे. एका राष्ट्रीय स्पर्धेत एकाच राज्याच्या नावाने दोन संघ दाखल झाले. दोघांकडे आपापल्या संघटनेची पत्रं, दोघांच्या शर्टावर तेच नाव. स्पर्धेत जागा एकाच संघाला. कागद बघून आम्ही निर्णय दिला, तो नियमाला धरून होता. पण बाद झालेल्या संघातली मुलं बॅगा घेऊन दिवसभर मांडवाच्या कडेला बसून होती. त्यांनीही चाचणी दिली होती, शिबिर केलं होतं. मोठ्या माणसांच्या भांडणात त्यांचं वर्ष गेलं. महासंघाचं पहिलं काम कोणतं, असं कुणी विचारलं तर मी हेच सांगतो: खेळाडूला एकच, स्पष्ट वाट देणं.

देशाच्या पातळीवरही ही पडझड झाली. मार्च २००८ मध्ये चिलीतल्या सांतियागोला ऑलिम्पिक पात्रता स्पर्धेत आपण ब्रिटनकडून हरलो आणि १९२८ नंतर प्रथमच भारतीय हॉकी संघाविना ऑलिम्पिक झालं. पाठोपाठ निवडीसाठी पैसे घेतल्याच्या आरोपांवरून भारतीय ऑलिम्पिक संघटनेने भारतीय हॉकी महासंघ निलंबित केला. २००९ मध्ये हॉकी इंडिया स्थापन झाली. तोवर पुरुषांचा आणि महिलांचा कारभार वेगळ्या महासंघांकडे होता, तो एका छत्राखाली आला. या बदलाचं मोल मी फार मोठं मानतो. फलटण तालुक्यातल्या अक्षता ढेकळे आणि वैष्णवी फाळके भारतीय संघापर्यंत पोहोचल्या, त्या अर्थातच स्वतःच्या कष्टाने. पण खालच्या स्पर्धांपासून राष्ट्रीय शिबिरापर्यंत पायऱ्या सलग असतील, तरच असे कष्ट फळतात.

पुढची वाटही सरळ नव्हती. माजी ऑलिम्पिकपटू अस्लम शेर खान यांच्या याचिकेवर मे २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने हॉकी इंडियातली आजीव अध्यक्ष आणि आजीव सदस्य ही पदं बेकायदा ठरवली आणि कारभार तीन प्रशासकांकडे सोपवला. त्यांत माजी कर्णधार झफर इक्बालही होते. नव्या निवडणुकीत त्याच सप्टेंबरमध्ये दिलीप तिर्की बिनविरोध अध्यक्ष झाले. हॉकी इंडियाच्या अध्यक्षपदी ऑलिम्पिक खेळलेला माणूस प्रथमच बसला. २०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याने आता कार्यकारिणीत जास्तीत जास्त पंधरा जण, त्यांत किमान चार महिला आणि किमान दोन नामवंत खेळाडू, असं बंधन घातलं आहे. हे उत्तमच झालं.

पैशाचंही चित्र पालटलं. केंद्र सरकार प्रशिक्षण आणि स्पर्धांच्या वार्षिक आराखड्यानुसार निधी देतं. २०१८ पासून ओडिशा सरकार राष्ट्रीय संघांचं प्रायोजक आहे. परदेशी प्रशिक्षक, बंगळूरचं दीर्घ शिबिर, व्हिडिओ विश्लेषण या सगळ्याला भरवशाचा पैसा लागतो. टोकियोत ४१ वर्षांनी पदक आलं, पॅरिसला पुन्हा कांस्य मिळालं. त्यामागे खेळाडूंचा घाम आहे, तसंच हे स्थैर्यही आहे.

एवढं होऊनही पाया कच्चाच आहे. १९७६ च्या माँट्रियल ऑलिम्पिकपासून मोठी हॉकी कृत्रिम टर्फवर गेली. आपल्या बहुतेक तालुक्यांतली मुलं आजही मातीवरच खेळतात. महाराष्ट्रात मुंबई आणि विदर्भाच्या जुन्या, स्वतंत्र संघटना असल्याने राज्याच्या वतीने कोण बोलणार, हा वाद आपल्याला नवा नाही. मतदार यादीवर तावातावाने बोलणारी सभा जिल्हा स्पर्धांच्या विषयाला येईपर्यंत निम्मी रिकामी झालेली मी पाहिली आहे.

म्हणून माझी एक मागणी आहे. प्रत्येक राज्य संघटनेने वार्षिक सभेत, निवडणुकीचा विषय घेण्याआधी, एक तक्ता मांडावा: वर्षभरात कोणत्या जिल्ह्यात मुलामुलींचे किती सामने झाले, त्यातले टर्फवर किती, किती नवे पंच तयार झाले. ज्या जिल्ह्यात वर्षभरात सामनाच झाला नाही, तिथल्या संघटनेला मत कशाच्या जोरावर द्यायचं, हा प्रश्न सभेत उघडपणे विचारला जावा. पदाधिकाऱ्याचा अधिकार त्याने भरवलेल्या सामन्यांतून यायला हवा.