एकास किती?

सांगलीच्या बाजारपेठेतील हार्डवेअरच्या दुकानाची जबाबदारी मुलाकडे सोपवून अण्णांना आता सात वर्षे झाली. दुकानाचे नूतनीकरण झाले, तेव्हा जुने काचेचे कपाट भंगारात निघाले होते. ते अण्णांनी घरी आणवले. तीन फूट रुंद, एक फूट खोल आणि चार फळ्यांचे. ज्या फळ्यांवर चाळीस वर्षे बिजागऱ्या, कड्या-कोयंडे आणि कुलपे मांडलेली असत, त्यांवर आता शर्यतीच्या मोटारींच्या प्रतिकृती उभ्या आहेत. हा छंद जडला तेव्हाच अण्णांनी घरात सर्वांसमक्ष दोन अटी स्वतःला घालून घेतल्या होत्या : कपाट एकच राहील आणि वर्षाची ठरलेली रक्कम ओलांडली जाणार नाही. दुसरी अट पाळणे त्यांना सोपे गेले. अवघड गेली ती पहिली.

या छंदाचे बीज लहानपणीचे. डिंकी टॉइज या इंग्रज खेळण्यांचे काही जुने साचे त्या काळी कोलकात्यास आले होते आणि त्यांतून 'निकी टॉइज' या नावाने धातूच्या छोट्या मोटारी तयार होत असत. त्यांतील एक कोणा पाहुण्याने आणून दिली होती. तिचा डबा गेला, रंग गेला, पुढे मोटारही हरवली. परंतु मुठीत मावणाऱ्या त्या धातूचे वजन अण्णांच्या हाताने साठ वर्षे लक्षात ठेवले. निवृत्तीनंतर हाती वेळ आला, तेव्हा त्यांनी दिसेल ती शर्यतीची मोटार घ्यावयास सुरुवात केली. एक बोटाएवढी, दुसरी वीतभर, तिसरी हातभर. माल चांगला आहे आणि भाव बरा आहे, एवढेच ते पाहत. आयुष्यभर माल ओळखणाऱ्या व्यापाऱ्याने परिमाण न पाहता खरेदी करावी, याचे पुढे त्यांचे त्यांनाच हसू आले.

एके दिवशी आठ वर्षांच्या नातवाने कपाटासमोर उभे राहून विचारले, "आजोबा, ही लाल मोटार खरोखरच हिच्यापेक्षा एवढी मोठी होती का?" लाल मोटार म्हणजे १९५७ साली फँजिओ ज्या मोटारीवर जगज्जेता ठरला ती माझेराती २५० एफ, तिची प्रतिकृती १:१८ प्रमाणाची होती. शेजारची अलीकडच्या काळातील फेरारी १:४३ ची. प्रत्यक्षात माझेराती सुमारे चार मीटर लांबीची, तर आजच्या फॉर्म्युला वन मोटारी साडेपाच मीटरच्या आसपास जातात. कपाटात मात्र म्हातारी धाकटीच्या जवळजवळ दुप्पट दिसत होती. अण्णांनी नातवाला उत्तर दिले, पण त्या रात्री त्यांना जाणवले, की एकेक प्रतिकृती आपल्या जागी खरी असूनही कपाट मात्र खोटे सांगत आहे.

मग त्यांनी प्रमाणांचा अभ्यास आरंभला. दुकानदारीत सूत आणि इंच यांवर पोसलेल्या माणसाला तो रुचला यात नवल नाही. एक इंच म्हणजे आठ सूत. एका फुटास एक इंच धरला की प्रमाण होते १:१२. फुटास चार सूत धरले की १:२४, आणि दीड सूत धरले की १:६४. हे सारे जुन्या कारागिरांच्या फूटपट्टीतून आलेले आकडे. १:२० हा दशमानाच्या सवयीचा आकडा. पण १:४३ कोठून आला? हा आकडा मिलिमीटर आणि फूट यांच्या संकरातून जन्मला. इंग्लंडमध्ये खेळण्यातील आगगाडीचे एक प्रमाण फुटास सात मिलिमीटर असे रूढ होते. फुटाचे मिलिमीटर ३०४.८, त्यास सातने भागले की साडेत्रेचाळीस येतात. लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीने १९३० च्या दशकात आपल्या आगगाड्यांशेजारी शोभतील अशा मोटारी काढल्या, त्याच पुढे डिंकी टॉइज झाल्या. त्यांचे माप नेहमीच काटेकोर नसे. तथापि पुढे फ्रान्स-इटलीतील कारखानदारांनीही याच आकड्याच्या आसपास काम केले आणि आगगाडीसाठी ठरलेले माप मोटारीस कायमचे चिकटले.

मॅचबॉक्सची गोष्ट तर याहून गमतीची आहे. जॅक ओडेल या इंग्रज कारागिराच्या मुलीला शाळेत काडेपेटीत मावेल एवढेच खेळणे नेण्याची मुभा होती, म्हणून त्याने रस्ता दाबण्याच्या इंजिनाची इवलीशी पितळी प्रतिकृती करून दिली. तेथे प्रमाण नव्हतेच. डबी ठरलेली, बस असो वा मोटार, तिने डबीएवढे व्हायचे. अण्णांना यात आपल्या घराण्याची जुनी रीत दिसली : आधी गोदाम पाहावे, मग माल भरावा.

तसे त्यांनी केलेही. वही घेऊन कपाटाचा हिशेब मांडला. १:४३ मधील फॉर्म्युला वन मोटार नऊ ते तेरा सेंटिमीटर लांब आणि पाच सेंटिमीटरपेक्षा कमी रुंद. नाक समोर करून उभी केली, तर फळीवर एका ओळीत बारा, मागेपुढे दोन ओळी, म्हणजे चोवीस. चार फळ्यांवर शहाण्णव. १:१८ मध्ये फळीवर जेमतेम सहा, कपाटात चोवीस. आणि आजच्या लांब मोटारी तर फळीच्या काठाशीच येऊन ठेपतात. १:१२ ची एखादी जुनी मोटारही तेहतीस सेंटिमीटर भरते. ती उभी मावत नाही, आडवी ठेवावी लागते. फळीवर दोन, कपाटात आठ. लांबी साडेतीन पटींहून थोडी अधिक वाढते, पण पृष्ठभाग तेरा पटींच्या जवळ जातो आणि घनफळ शेहेचाळीस पट होते. अण्णांच्या पत्नींना यातील तेरा पट हाच आकडा महत्त्वाचा वाटला, कारण धूळ पुसण्याचे काम त्यांच्याकडे येई.

या हिशेबानंतर अण्णांनी १:४३ पक्के केले. इतर मापांच्या मोटारी भाचेमंडळींत वाटून टाकल्या. त्यापुढची पाच वर्षे त्यांच्या छंदाची सुखाची वर्षे होती. एकाच प्रमाणाच्या मोटारी सालवार मांडल्या, की कोणतेही पुस्तक न उघडता शर्यतीचा इतिहास डोळ्यांसमोर उलगडत जातो. माझेरातीचे इंजिन चालकाच्या पुढे. जॅक ब्रॅबहॅम १९५९ साली ज्या कूपरवर जगज्जेता झाला, तिचे पाठीमागे. आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत सगळ्यांचीच पाठीमागे. १९६८ च्या सुमारास पंख फुटतात. चाके रुंदावतात. मध्येच १९७६ ची सहा चाकांची टिरेल येते, पुढची चार चाके करंगळीच्या नखाएवढी. त्या वर्षी स्वीडनच्या शर्यतीत तिने पहिले आणि दुसरे, दोन्ही क्रमांक मिळवले होते. पुढे मोटारी लांब होत होत अखेरीस फळीच्या मध्यरेषेपर्यंत पोहोचतात. नातवाच्या प्रश्नाला कपाटच आता उत्तर देत असे.

यातील निम्म्याहून अधिक मोटारी तयार घेतलेल्या होत्या. उरलेल्या अण्णांनी स्वतः जोडलेल्या, आणि खरा जीव जडला होता तो त्यांच्यावर. परंतु १:४३ चा संच जोडणे म्हणजे सोनाराचे काम. पांढऱ्या मिश्रधातूचे वा रेझिनचे अंग कानशीने साफ करायचे, रसायनाने कोरलेल्या पातळ पत्र्यातून पट्ट्यांचे बकल सोडवायचे, ते चिमट्याने बसवायचे. स्पार्क प्लगची खरी तार आठ मिलिमीटर जाडीची. १:४३ मध्ये ती दोन दशांश मिलिमीटरही भरत नाही. रंगाचा थर एक दशांश मिलिमीटर झाला, तर खऱ्या मोटारीवर चार मिलिमीटरचा गिलावा केल्यासारखा तो दिसतो. कागदाच्या धारेने बसवलेल्या रेघा त्याखाली बुजून जातात.

गेल्या पावसाळ्यात डाव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. दूरचे उत्तम दिसू लागले; जवळच्या कामाला मात्र चष्म्यावर भिंग चढवावे लागे, आणि भिंगाखाली पाहिल्यावर हाताची जी थरथर एरवी जाणवत नव्हती ती चांगलीच मोठी दिसू लागली. एका आरशाचा दांडा बसवताना तीन वेळा उडाला. चौथ्यांदा तो फरशीवर पडला आणि सापडलाच नाही. अण्णांनी डबा बंद केला आणि दोन महिने तो उघडला नाही. घरात कोणी काही बोलले नाही.

मुलाने व्यवहारी तोड सुचवली, "अण्णा, तयारच घेत चला. आता जोडण्याचा अट्टाहास कशाला?" सूचना चुकीची नव्हती. तयार मोटारींचे काम आज इतके सुबक असते, की घरी जोडलेली क्वचितच त्यांच्या तोडीस उतरते. परंतु ज्याने आयुष्यभर स्वतः पेटी उघडून, नग हातात घेऊन माल पारखला, त्याला केवळ काचेआडच्या वस्तूंचा धनी होणे मानवेना. शिवाय एक मोटार त्यांच्या मनात कधीची घर करून होती.

ती म्हणजे लोटस ४९. कॉलिन चॅपमन आणि मॉरिस फिलिप यांनी आखलेली ही मोटार जून १९६७ मध्ये हॉलंडमधील झांडवूर्ट येथे प्रथमच शर्यतीत उतरली आणि जिम क्लार्कने ती शर्यत जिंकली. तिचे वैशिष्ट्य बाहेरून दिसत नाही. एरवी मोटारीस सांगाडा असतो आणि इंजिन त्यात बसवलेले असते. येथे चालकाच्या पाठीमागे सांगाडा संपतोच. पुढच्या भागास इंजिन बोल्टने जोडलेले आणि मागच्या चाकांचा सारा भार त्या इंजिनानेच पेललेला. भाडेकरूने भिंतीचे काम करावे, तसे हे. कपाटातील १:४३ च्या लोटसमध्ये इंजिन दिसते, पण कोणी कोणाला धरले आहे ते कळत नाही. ते कळण्यासाठी मोटार स्वतः जोडावी लागते, आणि जोडताना कळेल एवढी ती मोठी असावी लागते.

तामिया या जपानी कंपनीने हीच मोटार १:१२ मध्ये फार पूर्वी काढली होती, आणि या मापाचा मोह अण्णांनाही पडला. पण तिला अर्धी फळी द्यावी लागली असती, आणि एक आणली की सोबतीला दुसरी येते, हे दुकानदाराहून चांगले कोणास ठाऊक? शेवटी निवड १:२० वर स्थिरावली. वीस सेंटिमीटर लांबी, फळीवर सहांची जागा, तार चार दशांश मिलिमीटरची. आणि एब्रो या जपानी नाममुद्रेचा १९६७ च्या मोटारीचा प्लास्टिकचा संच या मापात आहे. ६७ साल मुद्दाम निवडलेले. त्या वर्षी लोटस हिरवी होती, मधोमध पिवळा पट्टा. पुढल्या वर्षी तिच्यावर सिगारेटच्या पाकिटाचे रंग आणि नाव आले. तंबाखूचे नाव असलेल्या मोटारी अण्णा नाव न चिकटवता कोऱ्याच ठेवतात. जाणकार त्यास अपुरे काम म्हणतील. अण्णांच्या घरात तो विषय चर्चेचा नाही.

एक फळी मोकळी करायची ठरली. कपाटात तेव्हा नव्वद मोटारी होत्या. तीन फळ्यांवर बहात्तर राहणार, म्हणजे अठरा बाहेर काढायच्या. अण्णा चार दिवस वही घेऊन बसले. प्रत्येक मोटारीची तारीख, किंमत आणि कोठून घेतली हे त्यात लिहिलेले आहे. पहिल्या अकरा मोटारी तासाभरात निघाल्या : त्या सगळ्या केवळ स्वस्त मिळाल्या म्हणून घेतलेल्या होत्या, आणि तसे वहीत त्यांच्याच अक्षरात नोंदवलेले होते. उरलेल्या सातांनी चार दिवस घेतले. दोनदा काढलेली टिरेल दोन्ही वेळा परत जागेवर गेली. तिच्याऐवजी स्वतः जोडलेली एक मोटार निघाली, जिचा रंग जाड बसला होता.

अठराही मोटारी बेळगावच्या पुतण्याकडे गेल्या. तोही १:४३ च जमवतो आणि त्याचे डोळे अजून तिशीचे आहेत. त्याने पैसे देऊ केले, तेव्हा अण्णांनी खरेदीची किंमत वहीतून वाचून दाखवली, तेवढीच घेतली आणि त्या रकमेत लोटसचा संच आला.

सध्या टेबलावर फक्त इंजिन आहे. तारा ओवण्याचे काम नातवाकडे दिलेले आहे, कारण त्याला भिंग लागत नाही. तो मोठ्याने मोजतो, अण्णा चिमटा धरतात. पाच झाल्या आहेत, तीन राहिल्या आहेत. खालची फळी रिकामी आहे, आणि अण्णांच्या पत्नींनी ती पुसून तिच्यावर नवा पांढरा कागद अंथरून ठेवला आहे.