थांबलेल्या हाताविषयी

मोडनिंब, ता. माढा

चि. ताईस,


तुझं पत्र मिळालं. दिवसभर काढलेलं रात्री खरवडून टाकतेस, आणि ‘मला चित्र येतच नाही’ असं वाटायला लागलंय, हे वाचून जीव कळवळला. तुझ्या आईला मी काही बोललो नाही. तुला वाटेल तेव्हा तूच सांग.

चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला बसणारी पोरं मी वर्षानुवर्षं पाहिली. वस्तुचित्रात बादलीची कड पुन्हा पुन्हा खोडतात, तिथला कागद खरखरीत होतो आणि रंग लावला की नेमका तिथंच डाग पडतो. पाचवीतली पोरं खोडरबर मागतही नाहीत. चूक दिसायला आधी नजर तयार व्हावी लागते. तुझी नजर हाताच्या पुढं गेली आहे, एवढंच झालंय. हात मागून येतो, पण त्याला कामाला लावायला हवं.

आपल्याकडे चित्रकार म्हटलं की पंढरपुरात जन्मलेले हुसेन. सिनेमाची पोस्टरं रंगवून पोट भरलं आणि नव्वदी ओलांडली तरी रंगवत राहिले. तू स्वतःला तेच माप लावतेस. पण त्यांच्याच काळातले, प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपशी जोडलेले वासुदेव गायतोंडे बघ. 1924 साली नागपूरला जन्म, शिक्षण मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत. वर्षाकाठी जेमतेम पाच-सहा कॅनव्हास. बाकीचा वेळ वाचणं, संगीत ऐकणं आणि नुसतं बघत बसणं. त्या बसण्यालाही ते कामच मानत. 1984 मध्ये अपघात झाला आणि मोठा कॅनव्हास काही वर्षं सुटला. तेव्हा त्यांनी लहान कागदांवर शाईनं कामं केली, मग पुन्हा कॅनव्हासकडे वळले. 2014 मध्ये न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन भरलं. मला मात्र धीर देतात ती शाईची लहान कामंच.

चित्रकार प्रभाकर बरव्यांचं ‘कोरा कॅनव्हास’ हे पुस्तकही वाच. माझी प्रत तुझ्यासाठी काढून ठेवली आहे. रोज फोनवर दुसऱ्यांची पूर्ण झालेली चित्रं बघून आपलं अर्धवट काम तोलणं तेवढं बंद कर. त्यांनी काय काय फाडलं, ते तिथं कुणी दाखवत नाही.

इथं ज्वारीची काढणी झाली. घरामागं कडब्याची गंज रचली आहे. उन्हाकडची पेंढी राखाडी पडली आहे, पण आत हात घातला की ताटं अजून हिरवट पिवळी निघतात. हे दोन रंग शेजारी शेजारी कसे बसवायचे, ते मला जमलेलं नाही. तू बघ.

मोठा कॅनव्हास सध्या भिंतीकडे तोंड करून ठेव. पोस्टकार्डाएवढे कागद काप, एकच शाई घे. खरवडू नकोस, फाडू नकोस, मागं तारीख घाल. आणि पुढच्या पत्रासोबत त्यातला एक कागद मला पाठव, बिघडलेला असला तरी पाठव.

तुझा,
मामा