संशोधनाचें माप

विद्वानाच्या कामाचें माप कसें घ्यावें, हा प्रश्न फार जुना आहे. पूर्वीं सभेंत प्रतिपक्षास निरुत्तर केलें म्हणजे विद्वत्ता सिद्ध होई. हल्लीं तिचा हिशेब आंकड्यांनीं मांडतात. कोणाच्या निबंधाचा आधार पुढें कोणीं घेतला, हें दाखविणारी शास्त्रीय लेखांची सूची यूजीन गारफील्ड यांनीं १९६४ मध्यें अमेरिकेंत काढली. २००५ मध्यें हर्श नांवाच्या पदार्थविज्ञानवेत्त्यानें सारें एका अंकांत आणलें. ज्याच्या दहा निबंधांचा प्रत्येकीं निदान दहा वेळां उल्लेख झाला, त्याचा अंक दहा.

हा अंक आमच्याही घरांत शिरला आहे. आमच्या धाकट्या बंधूंची सून डॉक्टर असून खेड्यांतील गरोदर स्त्रियांच्या रक्तक्षयावर चार वर्षें संशोधन करीत आहे. बढतीच्या वेळीं तिचा अंक लहान ठरला. "मामंजी, हिंडणें सोडून जुन्या नोंदींवरून भराभर निबंध लिहिले, तर अंक वाढेल. काय करूं?" असें तिनें आम्हांस विचारलें. प्रश्न तिच्या उपजीविकेचा होता. त्यास सुभाषितानें उत्तर देणें बरें नव्हतें. आम्हीं तिला डॉ. लूसी विल्स यांची हकीकत सांगितली.

या आंग्ल विदुषी १९२८ मध्यें मुंबईस आल्या. तेथील गिरण्यांतून राबणार्‍या गरीब गरोदर स्त्रियांस एक घातक रक्तक्षय होत असे. त्यांत रक्तांतील तांबड्या पेशी संख्येनें घटत आणि आकारानें मात्र वाढत. विल्सबाईंनीं या स्त्रियांचा आहार व राहणी यांची पाहणी केली. त्या पाहणीच्या निबंधावर त्यांच्या नांवाशेजारीं तळपदे हें आपल्या मुंबईचें आडनांव आहे. यीस्टपासून काढलेला मार्माइट नांवाचा स्वस्त अर्क दिल्यानें रोगी स्त्रियांस गुण येतो, हें त्यांनीं १९३१ मध्यें ब्रिटिश मेडिकल जर्नलमधून जाहीर केलें. अर्कांतील गुणकारी द्रव्य अज्ञात होतें. त्यास 'विल्स घटक' म्हणूं लागले. १९४१ मध्यें अमेरिकेंत पालकाच्या पानांतून एक द्रव्य वेगळें काढण्यांत आलें आणि लॅटिन भाषेंतील पानाच्या नांवावरून त्यास फोलिक आम्ल म्हटलें गेलें. विल्सबाईंच्या अर्कांतील गुण याच जातीच्या द्रव्याचा होता, हें पुढें स्पष्ट झालें. नवें नांव रूढ झालें आणि विल्सबाईंचें मागें पडलें.

त्या १९६४ मध्यें, म्हणजे सूची निघाली त्याच वर्षीं, वारल्या. १९९१ मध्यें सात देशांतील प्रयोगाचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ज्या मातांचें आधींचें मूल मज्जारज्जूच्या जन्मजात व्यंगाचें होतें, त्यांनीं गर्भधारणेपूर्वींपासून हें आम्ल घेतल्यास पुन्हा तसें होण्याचा धोका ७२ टक्क्यांनीं कमी होतो. आज आपल्याकडे गरोदर स्त्रीस लोह व फोलिक आम्लाच्या गोळ्या १८० दिवस द्याव्या, असा सरकारी नियम आहे. ती गोळी देणारी परिचारिका १९३१ च्या निबंधाचा उल्लेख करीत नाहीं. फोलिक आम्लावर लिहिणारा संशोधकही बहुधा करीत नाहीं. ज्ञान सर्वांच्या अंगवळणीं पडलें कीं मूळ शोधकाचें नांव पुसलें जातें, हें समाजशास्त्रज्ञ मर्टन यांनीं फार पूर्वींच दाखवून दिलें आहे.

म्हणून अंक निरुपयोगी आहे असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. विल्सबाईंनीं निबंध लिहिलाच नसता, तर तो उपाय मुंबईंतल्या खाटांपाशींच राहिला असता. प्रसिद्धि हें संशोधकाचें कर्तव्य आहे, आणि कोणता विचार कोठून आला हें शोधण्यास सूची उत्तम साधन आहे. दोष आहे तो वाट दाखविण्याच्या साधनानें माणूस तोलण्यांत.

सूनबाईस आम्हीं इतकेंच सांगितलें कीं, खेडीं सोडूं नकोस, आणि तेथें जें आढळेल तें लिहिण्याचा आळसही करूं नकोस. तिनें हिंडणें चालू ठेवलें. बढती यंदां दुसर्‍यास मिळाली. पगाराची ही तूट घरानें सोसावयाची आहे, आणि ती कुरकुर न करतां सोसावी असें आमचें मत आहे. ज्यांच्या घरांत अशी लेक किंवा सून असेल, त्यांनीं तिचा अंक विचारण्यापूर्वीं तिच्या कामानें किती बाळंतिणी सुखरूप घरीं गेल्या, हें आधीं विचारावें.