जमिनीखालचा गड

‘यंदा कोठे जाऊन आलात?’ असे दिवाळी अंकासाठी लेख मागणारे संपादक दर वर्षी विचारतात, आणि दर वर्षी सांगण्याजोगे काहीतरी असते. कधी कोकणातले एखादे बंदर, कधी वेरूळची लेणी, एकदा तर थेट बदरीनाथ. गेल्या वर्षी मात्र दिवाळीच्या सुटीत मी पुण्याबाहेर पाऊल टाकले नाही. तरीही एका गावी जाऊन आलो. तेथे दोन वर्षे कारभार केला, तेथील एका कारागिराच्या मृत्यूला कारण झालो, आणि घरी परतलो तो जरा खजील होऊन. त्या गावाची ही हकीकत.

हे गाव जमिनीखाली आहे आणि तिकडे जाण्याचा रस्ता आमच्या चिरंजीवांच्या संगणकातून जातो.

चिरंजीव तेव्हा परगावी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात शिकत होते. गणपतीत घरी आले असताना आरतीनंतर त्यांनी हळूच जाहीर केले, की हे शिक्षण सोडून आपल्याला शिल्पकला शिकायची आहे. बापाने अशा वेळी जे म्हणायचे असते तेच मी म्हणालो, ‘आधी पदवी पदरात पाडून घे, मग हवे ते कर.’ त्याने मान खाली घातली. विषय संपला, असे मला वाटले. विषय संपला नव्हता. आमचे बोलणे तेवढे संपले होते. दिवाळीच्या सुटीला तो आला तेव्हा घरातले सारे दळणवळण सौ.मार्फत चालू झाले. ‘बाबांना म्हणावे, पाने घेतली आहेत.’ ‘त्याला म्हणावे, ऐकू आले.’ मधल्यामध्ये त्या माउलीच्या येरझाऱ्या.

खरे म्हणजे दिवाळी आणि हा मुलगा म्हटले की माझ्या डोळ्यांपुढे माती येते. आम्ही वाड्यात राहत होतो तोवर सहामाही परीक्षेचा शेवटचा पेपर टाकून तो घरी येई तो थेट अंगणात. दगड, विटा, पोत्याचे तुकडे आणि वर चिखल! तटबंदी, बुरूज, चोरवाट, तळे, हळीव पेरून उगवलेले हिरवे रान, आणि माथ्यावर सिंहासनस्थ महाराज. कोपरापर्यंत माखलेले हात घेऊन तो मला ओढत किल्ला दाखवायला नेई. वाडा पडला, आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहायला आलो आणि किल्ला बंद झाला.

दिवाळीला आठवडा असेल. दुपारी त्याच्या खोलीवरून जाताना सहज आत डोकावलो, तर संगणकाच्या पडद्यावर एक डोंगर दिसला. डोंगराच्या पोटात कोणीतरी कुदळ चालवीत होते.

‘किल्ला का?’ मी विचारले. कित्येक आठवड्यांत त्याला थेट विचारलेला हा पहिला प्रश्न.

‘हो. पण खाली जाणारा,’ तो म्हणाला आणि त्याने शेजारची खुर्ची पुढे ओढली.

खेळाचे नाव ‘ड्वार्फ फोर्ट्रेस’, म्हणजे बुटक्यांचा गड. हिमगौरीच्या गोष्टीतले सात बुटके आपल्याकडच्या मुलांना ठाऊक आहेत. येथेही आरंभी सातच बुटके असतात. हिमगौरी मात्र नाही. एक गाडा, ओढणारी जनावरे, कुदळ, कुऱ्हाड, थोडे बी-बियाणे, थोडे धान्य आणि पिंपे भरून मद्य एवढा संसार घेऊन ते डोंगराच्या पायथ्याशी उतरतात. पुढचे सारे तुमच्याकडे.

पण त्याआधी एक मोठी गंमत घडते. संगणक प्रथम आख्खे जग घडवितो. समुद्र, पर्वत, नद्या तर खऱ्याच, पण त्या जगाचा इतिहासही. आमच्या डोळ्यांदेखत वर्षांचे आकडे भराभर पुढे सरकत होते. राज्ये उदयाला येत होती, राजे मरत होते, अक्राळविक्राळ प्राणी नगरे उद्ध्वस्त करीत होते. अडीचशे वर्षांची बखर काही मिनिटांत तयार! आणि प्रत्येक जग निराळे. बुटक्यांना स्वतःचा शब्दसंग्रहही आहे. आमच्या सातांतल्या एका पाथरवटाचे नाव उरिस्ट. त्याचा अर्थ खंजीर, असे कळल्यावर माझ्यातला मराठीचा मास्तर खूश झाला आणि तेव्हापासून त्या उरिस्टवर माझा जरा अधिक लोभ जडला.

चिरंजीवांनी मला या खेळाचे जुने रूपही दाखविले. २००६ साली तो प्रथम लोकांपुढे आला तेव्हा त्यात एकही चित्र नव्हते. सारी सृष्टी अक्षरांची आणि चिन्हांची. मांजर म्हणजे इंग्रजी ‘सी’, कुत्रा म्हणजे ‘डी’, बुटका म्हणजे एक हसरा चेहरा. चित्रांची आवृत्ती आली ती २०२२ च्या डिसेंबरात. अक्षरांतून जग उभे करायचे हा आमचाच धंदा. पण पडद्यावरून सरपटत जाणारे एक अक्षर पाहून ‘बाबा, पळा, साप आला!’ असे पोराने ओरडावे, हे सामर्थ्य माझ्या कोणत्याही व्याख्यानात नाही.

आमचा पहिला गड म्हणजे माझ्या अज्ञानाचे स्मारक. पाणी जवळ असावे म्हणून मी नदीच्या काठालाच बोगदा लावला आणि खणता खणता नदीच आत घेतली. धान्याचे कोठार, निजायच्या खोल्या, सारे जलमय! मी कपाळाला हात लावला. चिरंजीव शांतपणे म्हणाले, ‘बाबा, या खेळात जिंकणे नसतेच. प्रत्येक गड कधी ना कधी बुडतो. हरण्यातच मजा, असे इथले लोक मानतात.’ परीक्षांवर हयात काढलेल्या माणसाला हे तत्त्वज्ञान पचायला जड गेले.

दुसरा गड मात्र नीट लागला. वरच्या मातीच्या थरात शेती केली. तेथे सूर्यप्रकाश लागत नाही. जांभळी भूछत्रे पिकतात. बुटके ती कच्ची खातात आणि त्यांचीच दारूही गाळतात. ही दारू चैनीची नव्हे. ती मिळाली नाही तर बुटक्याचे कामात लक्ष लागत नाही, हात मंदावतो. ज्या घरात कधी सणालाही थेंब आला नाही, त्या घरात मी संध्याकाळी दिवेलागणीला ‘अरे, दारू संपत आली की!’ म्हणून ओरडलो, तेव्हा सौ. स्वयंपाकघरातून बाहेर येऊन बघत राहिल्या.

मातीखाली दगड. एकेक थर उतरत जायचे. पडद्यावर एका वेळी एकच मजला दिसतो, पुढचा अंधारात. वेरूळच्या कैलासाचे कारागीर असेच वरून खाली उतरत गेले असतील, असे मनात येई. एके दिवशी कुदळ अचानक पोकळीत घुसली आणि आमच्यासमोर एक अवाढव्य गुहा उघडली. आत काळे सरोवर, आणि वृक्षांएवढी भूछत्रे, ज्यांचे चक्क लाकूड निघते. अशा गुहा एकाखाली एक आहेत, आणि तळाशी वितळलेल्या खडकाचा समुद्र. मी तिकडे गेलो नाही. पहिल्या गुहेच्या तोंडाशीच भिंत बांधून घेतली. मध्यमवर्गीय माणूस पाताळात गेला तरी आधी दाराला कडी लावतो!

येथे फार दिवस काळोखात राहिलेला बुटका उन्हात आला की त्याला ओकाऱ्या होतात. आणि प्रत्येकाच्या मनात काय चालले आहे, तेही वाचता येते. एकाला पावसात भिजल्याचा राग, दुसऱ्याला घरची माणसे दुरावल्याचे दुःख, तर तिसरा एक सुबक दरवाजा पाहून दिवसभर आनंदात. चांगल्या दारामुळे सुखी होणारा माणूस मी प्रथमच पाहिला.

पण या गावाची खरी रीत समजायला मला दोन दिवस लागले. मी कारभारी होतो. तरी कोणालाही ‘तू ऊठ आणि हे कर’ असे सांगता येत नाही. कोठे खणायचे, काय घडवायचे, याच्या फक्त खुणा करायच्या. मग ज्याला ते काम येते आणि ज्याला सवड आहे, तो आपण होऊन येतो. कधी लगेच, कधी जेवून, कधी झोप काढून. मी चिडून म्हणालो, ‘हा इकडे का येत नाही?’ चिरंजीव म्हणाले, ‘तो तुमचे ऐकतो, बाबा. पण तो तुम्ही नाही.’ आणि एकदम गप्प झाले. मीही पडद्याकडेच पाहत राहिलो.

दुसऱ्या वर्षीच्या शरदात बुटक्यांच्या राजधानीहून व्यापाऱ्यांचा तांडा आला. आमच्याकडे उरिस्टने घडविलेले दगडी प्याले होते. त्यांच्या गाड्यांत धान्य, लोखंड आणि कापडाचे तागे. ‘थोडे कापड घेऊन ठेवा,’ चिरंजीव म्हणाले. मी म्हणालो, ‘कापडाचे काय करायचे आहे? उपयोगाचे ते घ्यावे.’ लोखंड घेतले, धान्य घेतले. तांडा निघून गेला.

हिवाळ्यात उरिस्ट हातातले काम टाकून उठला. कोणाशी बोलेना. पाथरवटाच्या कामाची एक जागा अडवून बसला आणि इतरांना तेथे येऊ देईना. ‘याला झपाटले आहे,’ चिरंजीव म्हणाले, ‘आता हा आयुष्यातली सर्वांत सुंदर वस्तू करील. मात्र त्याला जे लागते ते मिळाले पाहिजे.’ उरिस्ट काय मागत होता? तो मागत नव्हता. चित्रे काढून दाखवीत होता. दगड त्याने स्वतः आणले. मग पुन:पुन्हा एकच चित्र : कापडाच्या घड्या.

गडावर कापड नव्हते. भूगर्भात धाग्याचेही एक पीक येते, पण ते उन्हाळ्यात नि शरदात; आणि माझी सारी जमीन भूछत्रांखाली. पुढचा स्वदेशी तांडा यायला वर्षाचा अवधी. मी त्याला दुसरे काम लावता येते का पाहिले, जागा रिकामी करून घेता येते का पाहिले. काही चालत नव्हते. तो अन्नपाण्यावाचून चित्रे काढीत बसून राहिला. आणि एके दिवशी उठला, ती उमेद विझल्यासारखा. मग गडभर नुसता भटकत राहिला. समोर कोठार भरलेले होते. त्याने घास घेतला नाही. वसुबारसेच्या रात्री तो सुबक दरवाजाजवळ मरून पडला.

‘त्याचे थडगे बांधा,’ चिरंजीव हळू आवाजात म्हणाले, ‘नाही तर तो भूत होऊन येतो.’ दुसऱ्या पाथरवटाकडून दगडी शवपेटी करवून घेतली. बराच वेळ आम्ही दोघे बोललो नाही.

मग मी विचारले, ‘हा खेळ केला तरी कोणी?’

हे उत्तर त्याने बरेच दिवस जपून ठेवले असावे. अमेरिकेतले दोघे भाऊ, टार्न आणि झॅक अॅडम्स. टार्नने २००५ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातून गणितात डॉक्टरेट मिळविली, पुढे टेक्सासमधल्या विद्यापीठात संशोधनाची जागा मिळाली, आणि ती सोडून तो हा खेळ करीत बसला. खेळ फुकट वाटायचा, आणि खेळणारे खुशीने पाठवतील त्या पैशांवर राहायचे. असे सोळा वर्षे. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने २०१२ साली तो आपल्या संग्रहात घेतला.

‘आणि पैसा?’ मी विचारलेच.

‘२०२२ ला विकायला काढला तेव्हा लाखो प्रती गेल्या,’ तो म्हणाला. मग प्रामाणिकपणे पुढे म्हणाला, ‘पण विकायला काढला तो झॅकच्या आजारपणामुळे. औषधपाण्याचा खर्च झेपला नसता.’

ही दुसरी बाजू त्याने लपविली नाही, हे मला फार बरे वाटले. रात्री झोप आली नाही. उरिस्टची चित्रे डोळ्यांपुढून हलेनात. गणपतीत या पोराने मला वहीतले काहीतरी दाखवायला आणले होते आणि मी ‘पदवी’ हा शब्द उच्चारल्यावर ती वही तशीच परत गेली होती, हे तेव्हा आठवले.

धनत्रयोदशीला सकाळी मी रोपवाटिकेत गेलो आणि लाल मातीची दोन पोती रिक्षात घालून आणली. इमारतीच्या आवारात मागच्या भिंतीशी एक कोपरा मोकळा असतो, तेथे ती उतरवून चिरंजीवांना खाली हाक मारली.

‘बाबा, हे कशाला?’

‘खालचा गड पाहिला. आता वर एक बांधू या.’

तो हसला आणि बाह्या सरसावून बसला. पहिला बुरूज उभा राहीपर्यंत त्याचे हात कोपरापर्यंत माखले. मी पाणी आणून देत होतो. मध्येच विचारले, ‘त्या कलाशाळेची प्रवेशपरीक्षा केव्हा असते?’ वर न पाहता त्याने महिना सांगितला. बुरूजावर बोट फिरवीत असलेला त्याचा हात किंचित थांबला, एवढेच.

दुसरे वर्ष पुरे करून त्याने अभियांत्रिकी सोडली. आता तो शिल्पकलेच्या पहिल्या वर्षात आहे. हे बरे झाले की चुकले, ते मला सांगता येणार नाही. सौ. अधूनमधून काळजी करतात, मीही करतो. फीचे हप्ते भरताना अधिकच करतो. परंतु निरोप पोचविण्याच्या येरझाऱ्यांतून त्या सुटल्या आहेत.

जमिनीखालचा आमचा गड अजून संगणकात तसाच आहे. त्याचा वसंत नुकता सुरू झाला आहे. यंदाच्या सुटीत चिरंजीव आले की पुन्हा तिकडे जाऊन येऊ. शरदात तांडा येईल. या खेपेस प्रथम कापड घ्यायचे आहे.