शिंकाळ्यातला साबण

गुहागर म्हटलं की कुणाला समुद्र आठवतो, कुणाला व्याडेश्वर, कुणाला दुर्गादेवीचं देऊळ. चिपळूणहून सुमारे ४५ किलोमीटरचा रस्ता संपवून आपण गावात शिरतो, देवदर्शन करतो, वाळूत पाय भिजवतो आणि कोकमं-आंबोळ्या घेऊन परत फिरतो. पण मैत्रिणींनो, तिथे कुणाची ओळख असेल तर घराच्या मागीलदारी जरूर जाऊन या. खालच्या पाटाला आमच्या मावससासूबाईंचं घर आहे, म्हणून मला ते मागीलदार चांगलं ठाऊक.

गाव कसं, तर समुद्राला समांतर असा एक लांबलचक रस्ता आणि दोन्ही बाजूंना घरं. समुद्राकडच्या घरांची वाडी थेट वाळूपर्यंत उतरते. आधी अंगण, मग पडवी, ओटी, माजघर, स्वयंपाकघर आणि त्यामागे विहीर. भोवती नारळी-पोफळींची अशी दाटी की भर दुपारी दिवेलागणीचा भास व्हावा. विहिरीला लागून जांभ्या दगडाची डोण. पूर्वी रहाटाचं पाणी तिच्यात पडे, आता विजेचा पंप आहे. पण हात-पाय धुणं, भाजी धुणं, भांडी विसळणं, सगळं अजून डोणीवरच. तिथलं पाणी दांडाने केळींच्या बुंध्याशी जातं. आपल्याकडे मोरीतलं पाणी गटारात जातं, तिथे त्याचीच केळी होतात, हे पाहून मला दर वेळी हेवा वाटतो.

या डोणीवर सगळं टिकतं, टिकत नाही तो साबण. पावसाळ्यात कोकणात हवाच इतकी ओली, की वडी साबणदाणीत बसल्या जागी विरघळते. दुसऱ्या दिवशी हातात येतो तो नुसता लगदा. पाऊस उघडला की दुसरा वैरी हजर, तो म्हणजे कावळा! शहरातल्या बायकांना खोटं वाटेल, पण कावळा साबण पळवतो. त्यातल्या तेलाचा, चरबीचा त्याला लोभ. नवी कोरी वडी चोचीत धरून तो माडावर जाऊन बसतो. “मेल्याने परत नेलान् गो!” ही आरोळी मी त्या घरात किती वेळा ऐकली असेल!

धाकट्या जाऊबाईंनी यावर तोड काढली, ती यंदा मे महिन्यात आम्ही गेलो तेव्हा पाहिली. डोणीवरच्या पत्र्याच्या आडव्या वाशाला काथ्याचं लहानसं शिंकाळं टांगलेलं आणि त्यात खोबरेल तेलाची रिकामी बाटली, डोकं खाली करून! पूर्वी शिंकाळ्यात दुधा-दह्याची भांडी मांजरापासून राखत, आता साबण कावळ्यापासून. बाटली दाबली की बुचाच्या भोकातून पातळ साबणाची धार हातावर येते, सोडली की बंद. मी आधी थोडी हसले. मग मावशी जेवून हात धुवायला आल्या आणि माझं हसू थांबलं.

मावशींना दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका येऊन गेला. चालतात, बोलतात, पण डावा हात आखडला, बोटं मुठीत वळली. साबणाची वडी हातात घोळवायला दोन हात लागतात, हे आपल्या कधी लक्षातही येत नाही. एका हाताने ती धरवत नाही, निसटून डोणीखाली जाते, मग वाकून शोधा. हात धुवायला सुनेला हाक मारायची. दिवसातून चार वेळा मारली की पाचव्या वेळी त्या पदराला हात पुसून मोकळ्या होत. ज्या बाईने सारा जन्म स्वच्छतेसाठी घर धाकात ठेवलं, तिने पदराला हात पुसावेत! शिवाय मिटलेली मूठ रोज आतून धुवून कोरडी केली नाही तर कातडी ओली राहते, वास येतो, चिघळते. डॉक्टरांनी बजावलं होतं, पण रोज दुसऱ्यापुढे हात करायचा म्हणजे जीव नकोसा होतो.

आता मावशी आखडलेला हात डोणीच्या काठावर टेकवतात, वरून उजव्या हाताने बाटली दाबतात, साबण मुठीत जातो, मग उजव्या हाताने एकेक बोट उलगडून चोळतात. वेळ लागतो. कुणी “मी धुते” म्हणत पुढे झालं, तर त्या नुसतं बघतात. जाऊबाई हळूच मला म्हणाल्या, “वहिनी, कावळ्याचं आपलं निमित्त हो. उगाच काही बोलू नका त्यांच्यादेखत.”

कृती मी विचारून घेतली. बाटली मऊ, दाबली जाईल अशी हवी. कडक प्लॅस्टिकची किंवा काचेची उपयोगी नाही. दाभण तापवून बुचाला मोहरीएवढं एकच भोक पाडायचं. बुडाला मात्र चुकूनही भोक पाडू नये. वरून हवा आत शिरली की सगळा साबण वाहून जाईल. हवेला वाट नाही म्हणूनच तो आत थांबतो. टांगायची सावलीत, कारण उन्हात आतली हवा तापून फुगते आणि बाटली आपोआप ठिबकू लागते. अर्ध्याहून रिकामी झाली की जास्त ठिबकते, तेव्हा वेळेवर भरावी. शिंकाळं छातीच्या उंचीला बांधलं तर म्हाताऱ्यांना बरं. नातवंडांसाठी एक खाली बांधलंय, त्यातला साबण निम्मा खेळण्यातच जातो, ते सोडा.

साबणासाठी घरातल्या उरल्यासुरल्या चिपट्या साठवायच्या. ५० ग्रॅम चिपट्या किसून एक लिटर पाण्यात मंद आचेवर विरघळवायच्या आणि रात्रभर तसंच ठेवायचं. सकाळी खिरीसारखं दाट होतं. जुन्या डावाने घोटून घ्यावं, फार घट्ट वाटलं तर कोमट पाणी घालावं. पाणी खारट किंवा जड असेल तर फेस न होता मळी धरते. जाऊबाई पावसाळ्यात पागोळ्यांचं पाणी धरून ठेवतात. पातळ केलेला साबण वडीसारखा महिनोन् महिने टिकत नाही, म्हणून पंधरा दिवसांपुरताच करावा. उरलेल्यावर नवा ओतू नये. बाटली आणि बूच गरम पाण्याने धुवून, वाळवून मगच भरावं, नाहीतर हात स्वच्छ करायच्या बाटलीतच जंतू वाढतात.

एवढाही खटाटोप नको असेल तर आणखी सोपा मार्ग आहे. ढाक्याच्या अतिसार संशोधन केंद्राने गरीब वस्त्यांतून तो करून पाहिला आहे. दीड लिटर पाण्यात कपडे धुण्याची ३० ग्रॅम पावडर विरघळवून, बुचाला भोक पाडलेल्या पाण्याच्या बाटलीत ती भरायची आणि वस्तीतल्या सामाईक नळापाशी ठेवायची. वडी चोरीला जाते, साबणपाण्याची बाटली सहसा कुणी नेत नाही. नाजूक हातांना मला साबणच बरा वाटतो, पण पाच-सहा बिऱ्हाडांच्या चाळीत ही युक्ती चालेल.

बाटलीच्या बाबतीत जाऊबाईंनी एक गोष्ट दोनदा बजावली, म्हणून मीही लिहिते. कोकणात आंब्यावर फवारायच्या औषधांच्या रिकाम्या बाटल्या घरोघरी पडलेल्या असतात, मजबूतही असतात, आणि हात पटकन तिकडेच जातो. त्या कितीही धुतल्या तरी घरात वापरू नयेत. फिनेल, ॲसिड यांच्याही नकोत. खाण्याच्या तेलाची, खोबरेलाची किंवा भांडी घासायच्या द्रवाची बाटली घ्यावी आणि तिच्यावर मोठ्या अक्षरात ‘साबण’ असं लिहावं, म्हणजे घरी आलेला पाहुणा तेल समजून डोक्याला लावणार नाही.

आम्ही निघालो त्या सकाळी कावळा वाशावर येऊन बसला होता. मान वाकडी करून त्याने बाटलीवर दोन-चार टोचे मारले आणि पलीकडे वाळत घातलेल्या सांडग्यांकडे वळला. मावशींनी डोणीवरूनच काठी उगारली.