टिबुकली

नावे ठेवण्यात आपण सारेच पटाईत. पण नाव ठेवण्याची कला थोड्यांनाच साधते. तळ्याकाठी धुणी धुणाऱ्या बायका आणि गुरे राखणारी पोरे यांना मी त्या कलेत पहिला मान देईन. ‘टिबुकली’ हे नाव कुणा पंडिताला सुचले असेल, असे मला वाटत नाही.

चौल-रेवदंड्याकडे माझे आजोळ. तिथल्या तळ्यांत ही असायचीच. ओंजळीत मावेल एवढी, जवळजवळ बिनशेपटीची. पावसाळ्यात मानेला तांबूस रंग चढलेला. पाहता पाहता बुडणार आणि दहा हात पलीकडे बुचासारखी वर येणार! पाय अगदी मागे बसवलेले, म्हणून पाण्यात तरबेज, जमिनीवर मात्र फजिती. घरटे पाणवनस्पतींचे, तरंगते. बाहेर निघताना अंड्यांवर पाला ओढून घेते. आपण दुधावर झाकण ठेवतो तशी. पिले पाठीवर बसून हिंडतात.

तिला कुणी पाणडुबी म्हणतात, कुणी डुबडुबी. इंग्रज ‘डॅबचिक’ म्हणतो. त्यातही बुडी आहेच. शास्त्रज्ञांनी ‘टॅकिबॅप्टस’ म्हटले. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ चटकन बुडणारा. साऱ्यांनी तिचे बुडणे पाहिले. टिबुकलीत मात्र मला पाण्याचा तो इवलासा ‘टिबुक्’ ऐकू येतो.

१९८१ साली कुलाबा जिल्ह्याचे रायगड झाले, तरी आई अजून कुलाबाच म्हणते. तिच्या तोंडी जुनी नावे सहज नांदतात. माझी मुलगी मात्र टिबुकलीला ‘बदकाचं पिल्लू’ म्हणाली. मी नाव सांगितले, तर म्हणते, “बाबा, हे परीक्षेला आहे का?” मराठी शिकवणारा मी, काय उत्तर देणार?

मारुती चितमपल्लींनी ‘पक्षिकोशा’त पक्ष्यांची नावे जपून ठेवली, हे त्यांचे उपकारच. पण कोशातला शब्द म्हणजे फडताळातली पैठणी. अंगावर आली तरच तिची शोभा. आजोळचे तळे गेल्या वर्षी बुजले. तिथे आता बंगला आहे. टिबुकली रातोरात दुसरे पाणी शोधील. शब्दाला पंख नसतात. त्याला कुणीतरी उचलूनच न्यावे लागते.

दिवाळीच्या सुटीत अलिबागकडे जाल, तेव्हा मुलांना समुद्र दाखवाच. पण वाटेत तळे दिसले, तर पाच मिनिटे गाडी थांबवा. ती दिसली, तर तिला नावाने हाक मारा. ती बुडी मारील, मुले हसतील. नाव लक्षात राहायला तेवढे पुरे.