पाँ द्यु गारचा जलसेतु

दक्षिण फ्रान्समधील नीम शहराच्या ईशान्येस, गार्दों नदीवर, रोमन लोकांनीं इसवी सनाच्या पहिल्या शतकांत बांधलेला एक जलसेतु आहे. त्यास पाँ द्यु गार म्हणतात. चिरंजीवांच्या नोकरीचें गांव तेथून जवळच असल्यामुळें एका रविवारीं आम्ही उभयतां, चिरंजीव, सूनबाई व नातू असे सर्वजण दशम्यांची शिदोरी घेऊन तो पाहावयास गेलों.

नदीकांठीं येतांच कमानींचे तीन मजले दृष्टीस पडतात. खालीं ६, मध्यें ११ आणि वर लहान लहान ३५ कमानी असून एकंदर उंची सुमारें ४९ मीटर भरते. खालच्या मजल्यांचे प्रचंड चिरे चुन्यावांचून केवळ एकमेकांच्या भारानें बसलेले आहेत. कांहीं चिऱ्यांवर गवंड्यांनीं कोरलेल्या खुणा अद्यापि वाचतां येतात.

"आजोबा, एवढ्या उंचावरून जात तरी कोण असे?" नातवानें विचारलें.

"पाणी!" आम्हीं सांगितलें.

यूझेसजवळील झऱ्यांचें पाणी नीमला न्यावयाचें होतें. सरळ अंतर सुमारें २० किलोमीटर. परंतु वाटेंत डोंगर असल्यानें नळ वळणें घेत ५० किलोमीटर न्यावा लागला. एवढ्या अंतरांत एकंदर उतार अवघा १२-१३ मीटर, म्हणजे दर किलोमीटरास जेमतेम वीतभर! तेवढ्यावर पाणी आपल्या आपण वाहत जाई. तें शहरांत वाटून देणारा वाटोळा हौद नीममध्यें आजही पाहावयास मिळतो.

मग तें बंद कां पडलें? झऱ्याच्या पाण्यांत चुना फार. नळाच्या भिंतींवर त्याचीं पुटें चढत. तीं खरवडून काढणें हें नित्याचें काम होतें. चौथ्या शतकानंतर तें काम सुटत गेलें, नळ अरुंद झाला आणि सहाव्या शतकापर्यंत पाणी थांबलें. कमानी मात्र शाबूत राहिल्या. १७४३ ते १७४७ मध्यें त्यांस लागून रहदारीचा पूल बांधण्यांत आला, व १९८५ मध्यें या स्थळाची गणना जागतिक वारशांत झाली.

सूनबाई म्हणाल्या, "मामंजी, म्हणजे दगड हरले नाहींत, खरवडणारे हात थांबले!"

आपल्या धर्मशास्त्रांत विहिरी-तळीं बांधण्यास पूर्त म्हटलें आहे, आणि जीर्णोद्धाराचेंही पुण्य सांगितलें आहे. बांधणाऱ्याचें नांव शिलेवर राहतें. रोज गाळ काढणाऱ्याचें कोठेंच नसतें. घरोघरच्या स्त्रियांचें कामही याच जातीचें, हें तेथें बसून दशम्या खातांना आम्हांस विशेष जाणवलें.

आमच्या वडिलोपार्जित घराची विहीर तिघां बंधूंत सामाईक आहे. ती कोणीं उपसावी, हा प्रश्न कित्येक वर्षें तसाच पडला होता. येत्या उन्हाळ्यांत आमच्या खर्चानें गाळ काढावा, असें त्याच रात्रीं आम्हीं धाकट्या बंधूंस पत्र लिहिलें.